गेम इन्स्टॉल झाला पण सुरू होताना अडकतो? या चुका टाळा

मी सांगलीत विश्रामबागला राहतो. कॉम्प्युटरचं दुकान वगैरे नाहीये, पण ओळखीपाळखीत कुणाचा गेम अडकला की फोन मलाच येतो, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "दोनदा काढून परत टाकला, तरी तसंच." अरे पण का काढला? ६० जीबी परत उतरवत बसलास, घरातल्या सगळ्यांचं नेट दिवसभर मुंगीच्या पायानं, आणि दुखणं होतं तिथंच. इन्स्टॉल होताना लाईट गेली, फाईल अर्धवट राहिली, एवढ्यापुरताच काढून परत टाकायचा उपयोग, आणि त्यालाही स्टीममध्ये (जिथून गेम घेतो-उतरवतो ते ॲप) गेमवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये व्हेरिफाय आहे की, खराब झालेल्या तेवढ्याच फाईल परत येतात.

सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक म्हणजे घाई. नवीन गेम पहिल्यांदा उघडला की तो तुमच्या ग्राफिक कार्डाप्रमाणे शेडर, म्हणजे चित्र रंगवायचे छोटे प्रोग्राम, तयार करतो, साध्या हार्डडिस्कवर आणि जुन्या प्रोसेसरवर याला पंधरा-वीस मिनिटंसुद्धा लागतात. स्क्रीन काळी, कर्सर गोल फिरतोय, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' आलं की पोरं लगेच एंड टास्क मारतात. विंडोजचं ते 'नॉट रिस्पॉन्डिंग' म्हणजे काय, तर त्या खिडकीनं पाच सेकंद उत्तर दिलं नाही, बास. मेला असं नाही. मी काय करतो, गेम सुरू करायच्या आधीच टास्क मॅनेजर उघडून ठेवतो, अडकल्यासारखा वाटला की ऑल्ट-टॅब करून सीपीयू आणि डिस्कचे आकडे बघतो. आकडे हलतायत ना, मग भडंगाचा पुडा फोडा आणि गप बसा. पाच-सात मिनिटं दोन्ही शून्याला चिकटून बसले तर मात्र खरंच अडकलाय, मग पुढचं वाचा.

आता माझा अख्खा रविवार खाल्लेली गोष्ट. भाच्याला दहावीनंतर लॅपटॉप घेतला. मिरजेला असतो तो. चांगला लॅपटॉप, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड, आणि त्यावर दहा-बारा वर्षांपूर्वीचा एक गेम कंपनीच्या लोगोवर येऊन थिजायचा. "मामा, माझ्या मित्राच्या डबड्यावर चालतोय आणि ह्याच्यावर नाही!" गेलो. ड्रायव्हर काढून नवीन टाकला, नाही. कंपॅटिबिलिटी मोड, नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला, नाही. ताईचं जेवायला चला, जेवायला चला चालू, आणि मी आपला प्रत्येक बटण दाबून बघतोय. शेवटी गेमच्या फोल्डरमध्ये एक लॉग फाईल दिसली, म्हणजे गेम काय काय करतोय त्याची नोंदवही, ती नोटपॅडमध्ये उघडली. शेवटच्या ओळीत पत्ता होता, सी ड्राईव्ह, युजर्स, मग पाच प्रश्नचिन्हं, मग डॉक्युमेंट्स. पाच प्रश्नचिन्हं कसली? विचारलं तर म्हणाला, लॅपटॉप सुरू करताना आजोबांनी हौसेनं मराठी कीबोर्डवर नाव टाकायला लावलं. अथर्व. दिसायला अक्षरं तीन, पण कॉम्प्युटरच्या हिशेबात अ, थ, र, हलंत आणि व, झाले पाच. जुन्या गेमला युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं साठवायची पद्धत, कळत नव्हतं, त्यानं प्रत्येकाच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवलं आणि त्या नावाचं फोल्डर शोधत बसला. सेटिंगची फाईल लिहायलाच जागा मिळेना, मग पुढं जाणार कसा?

यावर लोक जे करतात ते नका करू. अकाउंटचं नाव बदललं तरी युजर्समधल्या फोल्डरचं नाव तेच राहतं, हे मीच आधी करून बसलो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगचा साठा) जाऊन फोल्डरचं नाव बदलायचे व्हिडिओ आहेत, त्यांच्या नादाला लागून एकानं लॉगिनच घालवलंय. सिस्टीम लोकेल (जुन्या प्रोग्रामसाठी भाषा निवडायची सेटिंग) मराठी करण्यावरही भरवसा नको, जपानी-रशियनवाल्यांना ते चालतं कारण त्यांच्याकडे जुन्या काळचं कोड पेज, म्हणजे अक्षरांचा तक्ता, आहे, देवनागरीला विंडोजमध्ये तसं जुनं कोड पेज नाही. सरळ सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्समध्ये जाऊन इंग्रजी अक्षरात नवीन युजर काढा, त्यातून गेम लावा. दोन मिनिटांचं काम. आजोबा अजून नाराज आहेत ती गोष्ट वेगळी.

बाकीच्या चुका पटापट.

ग्राफिक कार्ड वीस हजारांचं आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टात, म्हणजे कार्ड नुसतं बसून. हसू नका, तीन घरी बघितलंय. लॅपटॉपवर हेच वेगळ्या रूपात, गेम इंटेलच्या आतल्या ग्राफिकवर चालू होतो, तर डिस्प्लेच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये गेम निवडून हाय परफॉर्मन्स करा.

"विंडोजमध्ये डायरेक्टएक्स १२ आहेच की." आहे, पण जुन्या गेमना लागणाऱ्या डीथ्रीडीएक्स ९ च्या (डायरेक्टएक्स ९ च्या काळातल्या जोड) फाईल त्यात नसतात, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं पॅकेज वेगळं टाकायचं. गेमना लागणारं मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लसचं पॅकेजही ३२ बिट आणि ६४ बिट दोन्ही, विंडोज ६४ बिट असलं तरी गेम ३२ बिटचा असू शकतो. आणि कुठल्यातरी साईटवरून एकटी डीएलएल (प्रोग्रामला लागणारी मदतनीस फाईल) उचलून सिस्टीम ३२ मध्ये टाकणाऱ्यांनी मला फोन करू नये.

अँटिव्हायरस अख्खा बंद करायची गरज नसते. विंडोज सिक्युरिटीत कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस चालू असेल तर विंडोजला अनोळखी वाटणाऱ्या गेमला डॉक्युमेंट्समध्ये लिहिता येत नाही, तिथं त्या एका गेमला परवानगी द्या. क्रॅकवाला गेम असेल आणि अँटिव्हायरसनं त्यातली फाईल खाल्ली असेल तर मी काही बोलत नाही, सेलमध्ये घ्यायला काय होतं?

रॅम बूस्टर टाकायचे आणि पेजफाईल (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा) बंद करायचे सल्ले. ८ जीबीवर पेजफाईल बंद केली की मोठा गेम लोड होतानाच गळपटतो. परत सिस्टीम मॅनेज्डवर ठेवा.

ऑफिसमधून निघालेले सेकंडहँड पीसी घेणाऱ्यांनी प्रोसेसर बघून घ्या. इंटेलच्या आय सिरीजमध्ये एव्हीएक्स, म्हणजे काही गेमना लागणाऱ्या प्रोसेसरच्या खास सूचना, २०११ च्या सेकंड जनरेशनला आलं, एव्हीएक्स टू २०१३ च्या फोर्थला. ज्या गेमला ते लागतं तो त्याच्या आधीच्या मशीनवर उघडणारच नाही, रॅम वाढवून काही फरक नाही.

एवढं करूनही अडकला तर विचारा, पण "दादा गेम चालत नाही" एवढाच मेसेज नको. कुठल्या लोगोवर थांबतो, तेव्हा टास्क मॅनेजर काय दाखवतो, आणि लॉग फाईल सापडली तर तिची शेवटची ओळ, एवढं पाठवा. रविवारी दुपारी फोन उचलणार नाही.