बाथरूमच्या कामाला ठेकेदार नेमताना: आधी काय बघायचं, पैसे कधी द्यायचे

जुन्या फ्लॅटचं बाथरूम नव्याने करायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी टाइल बघायला जातात. खरं तर काम बिघडतं ते टाइलच्या खाली. वॉटरप्रूफिंग, नळाचे पाइप, सांडपाण्याची लाइन आणि ढाळ (फरशीचा उतार) हे सगळं एकदा झाकलं गेलं की दिसत नाही. खालच्या मजल्यावरचे छताला ओल आल्याचं सांगायला येतात, तेव्हाच ते कळतं. म्हणून ठेकेदार पारखायचा तो या झाकल्या जाणाऱ्या कामावरून.

1. आधी यादी आणि मोजमाप

कोणालाही बोलावण्याआधी काम कागदावर उतरवा. जुनी टाइल काढायची की तिच्यावरच नवी बसवायची? (गळती असेल तर काढायचीच.) भिंतीला टाइल किती फुटांपर्यंत? नळ, शॉवर, गीझर, बेसिन, कमोड धरून पॉइंट किती? यादी नसेल तर तीन ठेकेदार तीन वेगळ्या कामांचे दर देतात आणि तुलनाच होत नाही.

मोजमाप स्वतः करा. 7 बाय 4 फुटांच्या बाथरूमची फरशी 28 चौरस फूट. भिंतींचा घेर 22 फूट, टाइल 7 फुटांपर्यंत लावली तर 154. अडीच फुटी दरवाजाचे साडेसतरा वजा केले की एकूण साधारण 165. कटिंगमध्ये जाणारी 10 टक्के धरून 180 चौरस फूट टाइल पुरते. कोणी 230 सांगत असेल तर हिशेब मागा.

2. नावं शेजाऱ्यांकडून, खात्री डोळ्यांनी

सोसायटीत नुकतं काम केलेल्यांना विचारा. प्रत्येक ठेकेदाराची दोन कामं बघा, एक चालू आणि एक दोनेक वर्षं वापरातलं. वापरातल्या बाथरूममध्ये कोपऱ्यातल्या टाइलवर नाण्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही. जमलं तर त्याच्या खालच्या फ्लॅटचं छतही बघा.

चालू कामावर नहाणी ट्रॅपचं (फरशीतलं पाणी जिथून पाइपात जातं त्याचं) तोंड बघा. पिशवी किंवा बोळा घालून ते बंद केलेलं असेल तर मिस्त्री जाणता आहे. उघडं असेल तर सिमेंटचा राडा पाइपात जातो आणि लाइन तुंबते. सिमेंटच्या गोण्या फळीवर ठेवल्यात की ओल्या जमिनीवर, हेही पाहून घ्या.

3. कोटेशन बाबवार घ्या

‘सगळं मिळून अमुक इतके’ असा एकच आकडा घेऊ नका. तोडफोड, राडारोडा खाली नेऊन टाकणं, वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग दर पॉइंटला, टाइलची मजुरी दर चौरस फुटाला, ग्राउट (टाइलच्या फटींत भरायचा मसाला), वायरिंग अशा वेगळ्या बाबी लिहून घ्या. वॉटरप्रूफिंगपुढे नुसतं ‘केमिकल’ लिहिलेलं चालणार नाही. कंपनी कोणती, हात (थर) किती, भिंतीवर किती उंचीपर्यंत? निदान एक फूट, आणि शॉवरच्या भिंतीला पाच-सहा फूट तरी हवं. सर्वांत स्वस्त कोटेशन बहुतेक वेळा इथेच स्वस्त झालेलं असतं.

टाइल, कमोड, नळ तुम्ही आणा. पाइप आणि वॉटरप्रूफिंगचा माल मात्र ठेकेदाराकडेच ठेवा, नाहीतर गळती झाल्यावर ‘माल तुमचा होता’ ऐकावं लागतं. विट्रिफाइड टाइल जवळपास पाणी शोषतच नाही, त्यामुळे सिमेंटच्या घोळावर नीट धरत नाही. भिंतीला ती टाइल अॅडहेसिव्हनेच लावायची, हेही लिहून घ्या.

जीएसटी लावणार असेल तर नंबर मागा आणि जीएसटी पोर्टलवर तपासा. नोंदणी नसलेला छोटा ठेकेदार वाईट असतो असं नाही, पण त्याला जीएसटी आकारता येत नाही.

4. पैसे चाचणीला बांधा

सुरुवातीला 10 टक्के उचल. पाइप टाकून प्रेशर टेस्ट झाली की 25, वॉटरप्रूफिंगची चाचणी उतरली की 25, टाइल झाल्यावर 20, फिटिंगनंतर 10. उरलेले 10 टक्के महिना-दोन महिने वापरून झाल्यावर. अर्धी रक्कम आधीच मागणारा बहुधा आधीच्या साइटचं देणं तुमच्या पैशांतून भागवत असतो. हे टप्पे, मुदत, वाढीव कामाचा दर आणि मजुरांच्या सुरक्षिततेची जबाबदारी करारात लिहून दोघांनी सह्या करा.

5. झाकण्याआधी बघून घ्या

पाइप भिंतीत बुजवण्याआधी हातपंपाने दाब द्यायला लावा. तासा-दोन तासांत पंपावरच्या दाबमापकाचा काटा खाली आला तर कुठला तरी सांधा गळतोय. मग टेप धरून पाइपांचे फोटो काढा, पुढे ड्रिल मारताना तेच कामाला येतात.

वॉटरप्रूफिंग सुकल्यावर ट्रॅप बंद करून दारात सिमेंटचा बांध घालायचा आणि दोन इंच पाणी भरायचं. भिंतीवर पेन्सिलने खूण करून 48 तास थांबा. बाष्पीभवनाने किंचित उतरेल, पण खालच्या छतावर डाग दिसता कामा नये. कोबा (वॉटरप्रूफिंगवरचा सिमेंटचा थर) झाल्यावर हीच चाचणी पुन्हा. ‘आमचं कधी गळत नाही, पाणी भरायला नको’ म्हणणाऱ्याचे त्या टप्प्याचे पैसे अडवून ठेवा.

ढाळ 7 फूट लांबीत पाऊण ते एक इंच हवा. बादलीभर पाणी ओतून बघा, कुठे साचलं तर ग्राउट भरण्याआधीच टाइल उचलायला लावा.

6. सोसायटी आणि तक्रार

कामाआधी सोसायटीला पत्र देऊन परवानगी घ्या, कामाच्या वेळा आणि डिपॉझिट विचारा. बीम आणि कॉलमला छिन्नी लागू द्यायची नाही.

वाद झालाच तर आधी लेखी नोटीस द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जाता येतं. तिथे कोटेशन, करार, बँकेतून दिलेल्या पैशांच्या नोंदी आणि फोटो लागतात, म्हणून रोख रक्कम देऊ नका.