पूलच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक नेमके काय करतो?

पूल, म्हणजे क्यूने (काठीने) बॉल टेबलाच्या पॉकेटमध्ये घालायचा खेळ, खेळणाऱ्या तरुणांपैकी काहींना, विशेषतः खेळाडू म्हणून आपण फार वर जाणार नाही हे ज्यांच्या लक्षात आलेले असते अशांना, प्रशिक्षक व्हावेसे वाटते. त्यांच्या डोळ्यांसमोर टेबलाशेजारी उभे राहून शिष्याचे कोपर सरळ करणारा गुरू असतो. वैयक्तिक शिकवणीपुरते हे चित्र बरोबर आहे. राष्ट्रीय संघाच्या बाबतीत मात्र ते जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण तिथे पोहोचलेल्या खेळाडूचा स्ट्रोक, म्हणजे क्यू चालवण्याची पद्धत, लहानपणापासून मुरलेला असतो आणि स्पर्धेच्या तोंडावर त्याला हात लावणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे होय. मी पुण्यात स्नूकरवर वाढलो, नोकरीनिमित्त इंग्लंडला आल्यावर नऊ फुटी टेबलाच्या पूलकडे वळलो आणि गेली बरीच वर्षे इथल्या एका क्लबच्या संघाची जबाबदारी सांभाळतो आहे. संघाच्या प्रशिक्षणाबद्दल मला जे कळले त्यातले बरेचसे मॉस्कोनी कप बारकाईने पाहून कळले, म्हणून त्याच स्पर्धेच्या आधाराने लिहितो.

मॉस्कोनी कप ही युरोप आणि अमेरिका यांच्या संघांत 1994 पासून दरवर्षी होणारी नाइन-बॉलची, म्हणजे एक ते नऊ नंबरच्या बॉलनी खेळायच्या पूलची, स्पर्धा आहे. अमेरिकेचे नामांकित खेळाडू विली मॉस्कोनी यांचे नाव तिला दिलेले आहे. सध्याच्या पद्धतीत प्रत्येक संघात पाच खेळाडू असतात आणि त्यांच्यासोबत न खेळणारा कर्णधार असतो, जो प्रत्यक्षात प्रशिक्षकाचे काम करतो. एकेरी, दुहेरी आणि संपूर्ण संघाचा असे सामने होतात. पाच रॅक, म्हणजे डाव, आधी जिंकणारा सामना जिंकतो, आणि असे अकरा सामने आधी जिंकणाऱ्या संघाला करंडक मिळतो. ब्रेक, म्हणजे बॉलची मांडणी फोडणारा पहिला शॉट, आळीपाळीने असतो आणि प्रत्येक शॉटला 30 सेकंदांची मर्यादा असते.

पाच रॅकच्या शर्यतीचे गणित नवोदिताने आधी कागदावर मांडून पाहावे, कारण प्रशिक्षकाचे पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे असतात. समजा, एखादा खेळाडू प्रतिस्पर्ध्याविरुद्ध 100 पैकी 55 रॅक जिंकतो. पाचच्या शर्यतीत त्याची सामना जिंकण्याची शक्यता सुमारे 62 टक्के होते, म्हणजे आपल्यापेक्षा कमी पडणाऱ्या खेळाडूकडूनही तो तीनांतून एकदा तरी हरणारच. पण संघातल्या प्रत्येकाकडे एवढीच आघाडी असेल, तर अकरा गुणांच्या (सामन्याला एक गुण) पूर्ण लढतीत संघ जिंकण्याची शक्यता 87 टक्क्यांच्या आसपास जाते. फार्गोरेट नावाची जी गुणांकन पद्धत हल्ली सर्वत्र वापरतात, तिच्यात 100 गुणांचा फरक म्हणजे रॅकमागे दोनास एक असे प्रमाण. त्या हिशेबाने 55 टक्के म्हणजे जेमतेम 29 गुणांचा फरक. एवढासा फरक एका सामन्यात दिसतही नाही, मात्र पूर्ण लढतीत तो निर्णायक ठरतो. म्हणून एका महान खेळाडूभोवती संघ बांधण्यापेक्षा पाचव्या खेळाडूला दोन-तीन टक्के सुधारण्यात प्रशिक्षकाचा वेळ अधिक सत्कारणी लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहायचे असेल तर योहान राइसिंक यांची कारकीर्द अभ्यासावी. नेदरलंड्सचे हे प्रशिक्षक 2014 पर्यंत युरोपच्या बाकावर होते. 2010 पासून 2017 पर्यंत युरोपने सलग आठ वेळा करंडक जिंकला, त्यातल्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या तयारीचा मोठा वाटा होता. मधल्या काळात अमेरिकेने मार्क विल्सन यांना 2014 ते 2016 अशी तीन वर्षे दिली. त्यांनी शिस्त आणि वर्तणूक यांवर भर दिला, तरी तिन्ही वेळा पराभवच पदरी आला. मग अमेरिकेने थेट राइसिंक यांनाच बोलावले. त्यांच्या पहिल्या वर्षी, 2017 साली, अमेरिका 11-4 अशी हरली. आपल्याकडे एवढ्या पराभवानंतर प्रशिक्षकाला निरोपाचा नारळ मिळाला असता. तिथे त्यांना ठेवले, आणि 2018 साली लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये अमेरिकेने 11-9 असा विजय मिळवला. 2009 नंतरचा तो पहिला विजय होता. पुढच्या वर्षी लास वेगासला 11-8 असा पुन्हा करंडक आला, आणि दोन्ही वर्षी सर्वोत्तम खेळाडू ठरला स्कायलर वुडवर्ड.

या बदलात जादू नव्हती. मोठ्या गटातून खेळाडू पारखणे, त्यांना शिबिरात एकत्र राहायला लावणे आणि अमेरिकेत एकेकटे फिरून पैशांवर सामने खेळण्याची जी परंपरा आहे तिच्यातून आलेल्या माणसांना एकमेकांसाठी खेळायची सवय लावणे, हे ते काम होते. 2020 ते 2024 या काळात युरोपने पुन्हा दरवर्षी करंडक जिंकला, तेव्हा प्रशिक्षकाच्या सामर्थ्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. युरोपकडे स्पर्धांची आणि तरुण खेळाडूंची जी भरती आहे, ती कोणीही बाकावर बसून निर्माण करू शकत नाही.

आता दुहेरीकडे येतो, कारण प्रशिक्षकाची खरी परीक्षा तिथे होते आणि नवोदित तिथेच सर्वांत कमी लक्ष देतात. जोडीदार एकाआड एक शॉट मारतात. एकेरीत खेळाडू पांढरा बॉल स्वतःच्या आवडीच्या जागी थांबवतो. दुहेरीत तो जोडीदाराच्या आवडीच्या जागी थांबवावा लागतो, आणि या दोन जागा सहसा वेगळ्या असतात. कोणाला पुढच्या बॉलवर थोडा कोन हवा असतो, कोणाला जवळजवळ सरळ शॉट हवा असतो. कोणी लांबचा पॉट (बॉल पॉकेटमध्ये घालणारा शॉट) बिनदिक्कत घेतो पण कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चिकटलेल्या पांढऱ्या बॉलवर हात टेकताना बिचकतो. पाच खेळाडूंतून दहा जोड्या होतात. त्या दहाही जोड्या शिबिरात खेळवून, प्रत्येक चुकलेला शॉट पॉट चुकल्यामुळे वाया गेला की आधीच्या जोडीदाराने चुकीची जागा दिल्यामुळे, एवढे एक सदर वहीत ठेवले तरी आठवडाभरात कोणाचे कोणाशी जमते ते दिसू लागते. दोन सर्वोत्तम खेळाडूंची जोडी सर्वोत्तम असतेच असे नाही. अनेकदा दोघेही आपल्यालाच रॅक संपवायचा आहे अशा थाटात खेळतात.

आमच्या क्लबातले एक उदाहरण देतो. एक खेळाडू झटपट निर्णय घेणारा, दुसरा प्रत्येक शॉटपूर्वी टेबलाला पूर्ण फेरी मारणारा. दोघे उत्तम मित्र, पण जोडीने खेळताना 30 सेकंदांतली वीस बोलण्यातच जात आणि शेवटच्या दहा सेकंदांत घाईने मारलेला शॉट पॉकेटच्या जबड्यात अडकून राही. त्यांना एकच नियम घालून दिला: ज्याचा शॉट आहे त्याने विचारल्याशिवाय दुसऱ्याने तोंड उघडायचे नाही, आणि विचारल्यावर उत्तर एवढेच द्यायचे की पांढरा बॉल मला कुठे हवा आहे. तो तिथे कसा न्यायचा, स्क्रू करायचा (उलटी फिरकी देऊन मागे आणायचा) की दोन कुशन घ्यायच्या, हे मारणाऱ्याचे काम. पहिल्या दिवशी दोघेही रुसल्यासारखे खेळले, नंतर मात्र घड्याळाकडे पाहायची गरजच उरली नाही. जोडीत ब्रेक कोणी करायचा हेही असेच आधी ठरवावे. ब्रेक करणाऱ्यानंतरचा पहिला शॉट जोडीदाराला मिळतो, म्हणून जोरकस ब्रेकवाला आणि विस्कटलेल्या टेबलावर शांतपणे योजना आखणारा अशी सांगड बहुधा उपयोगी पडते.

ब्रेक हा विषय स्वतंत्र अभ्यासाचा आहे. नाइन-बॉलचा रॅक, इथे या शब्दाचा अर्थ बॉलची सुरुवातीची मांडणी, लावताना एक नंबरचा बॉल ठिपक्यावर ठेवला आणि रॅक घट्ट असला, तर कडेचा बॉल, ज्याला विंग बॉल म्हणतात, तो कोपऱ्यातल्या पॉकेटकडे जायची प्रवृत्ती असते. नऊ नंबरचा बॉल ठिपक्यावर ठेवला, की सबंध रॅक पुढे सरकतो, ती सोय बरीचशी नाहीशी होते आणि एक नंबरचा बॉल मधल्या पॉकेटमध्ये घालण्याचा प्रयत्न सुरू होतो. स्पर्धेत कोणता नियम आहे, रॅक साच्याने लावतात की त्रिकोणाने, कापड किती नवे आहे, हे सगळे आधी समजून घेऊन सरावाचे टेबल तसेच लावणे हे प्रशिक्षकाचे काम. सरावात प्रत्येक ब्रेकनंतर मी तीनच गोष्टी लिहायला लावतो: काय पडले, एक नंबरचा बॉल कुठे गेला, पांढरा बॉल कुठे थांबला. जोर कितीही असो, तिसऱ्या रकान्यात ‘मध्यभागी’ हा शब्द वारंवार येत नसेल तर तो ब्रेक सामन्यात भरवशाचा नाही. 2018 च्या अमेरिकी संघातल्या कोरी ड्यूएलने 2001 साली यूएस ओपन जिंकली होती ती प्रामुख्याने हलक्या, मोजून मारलेल्या ब्रेकवर, हे ताकदीच्या मागे लागलेल्या मुलांना मी आवर्जून सांगतो.

खेळाडूंचा क्रम ठरवताना प्रतिस्पर्धी कर्णधाराची यादी आपल्यापुढे नसते. त्यामुळे कोणासमोर कोण येईल याचे तर्क करत बसण्यात फारसा अर्थ नाही. क्रमाबाबत एकच गोष्ट पक्की आहे: अकरा गुण झाले की लढत संपते, आणि सर्वोत्तम खेळाडू शेवटी राखून ठेवला तर त्याची पाळी येण्यापूर्वीच सगळे आटोपलेले असू शकते. पिछाडीवर असलेल्या संघाने तर त्याला शक्य तितके आधी उतरवावे. आघाडी असताना मात्र, दडपण कोणाला सोसवते यावरून शेवटची नावे ठरवणे योग्य, आणि ते फार्गोरेटचा आकडा सांगत नाही.

सामना चालू असताना प्रशिक्षकाच्या हाती फार थोडे उरते. टाइमआउट मोजके असतात, आणि तेव्हा तांत्रिक सूचना देणारा प्रशिक्षक मला नवखा वाटतो. खेळाडू सेफ्टी (प्रतिस्पर्ध्याला अवघड जागा देणारा बचावात्मक शॉट) आणि बँक शॉट (बॉल कुशनवर आपटून पॉकेटमध्ये घालणे) यांच्यात अडकला असेल, तर दोन्हींपैकी एक ठामपणे सांगून बाजूला व्हावे. अर्धवट मनाने मारलेल्या बरोबर शॉटपेक्षा निःशंकपणे मारलेला दुय्यम शॉट पुष्कळदा अधिक फळतो. या पोटी येणाऱ्या पराभवाचे खापर प्रशिक्षकाने स्वतःच्या डोक्यावर घ्यायची तयारी ठेवावी, नाहीतर पुढच्या वेळी खेळाडू त्याच्याकडे पाहणारही नाही. बाकी वेळ वाट पाहणाऱ्यांना सांभाळण्यात जातो. खेळाडू दोन-तीन तास बसून राहतो आणि मग हजारोंच्या गोंगाटात त्याला पहिल्याच शॉटला तयार असावे लागते. त्याने कधी खायचे, आतल्या सरावाच्या टेबलावर कधी जायचे, फोन कोणाकडे द्यायचा, हे वेळापत्रक आदल्या रात्रीच लिहून ठेवावे.

भारतातून या क्षेत्रात येणाऱ्यांची एक बाजू जमेची आहे आणि एक अडचणीची. स्नूकरमुळे आपल्या खेळाडूंची उभी राहण्याची पद्धत आणि पॉटची अचूकता चांगली असते. पण स्नूकरचा बॉल 52.5 मिलिमीटरचा आणि पूलचा 57.15 मिलिमीटरचा, टेबल बारा फुटांऐवजी नऊ फुटांचे. त्यामुळे ब्रेक, जंप शॉट (पांढरा बॉल उडवून मधल्या बॉलवरून नेणे) आणि पांढरा बॉल आधी कुशनवर आपटून मारायची किक या तीन गोष्टी त्यांना जवळजवळ शून्यापासून शिकाव्या लागतात. आपल्याकडे पूलच्या राष्ट्रीय स्पर्धा बिलियर्ड्स अँड स्नूकर फेडरेशन ऑफ इंडियाच्या छत्राखाली होतात, तेव्हा संघाजवळ जायचा मार्ग राज्य संघटनेतूनच जातो. अमेरिकेत राहणाऱ्यांना प्रोफेशनल बिलियर्ड इन्स्ट्रक्टर्स असोसिएशनचे प्रमाणपत्र घेता येते. ते वैयक्तिक शिकवणीसाठी उपयोगी आहे, पण संघ सांभाळायला त्यातून कोणी शिकवत नाही. उत्पन्नाबद्दल भ्रम नसावा. राष्ट्रीय संघाचे काम वर्षातून थोडे आठवडे असते आणि पोट भरते ते क्लबातल्या रोजच्या शिकवणीवर.

सुरुवात करणाऱ्याने प्रशिक्षकपद मागू नये, नोंदी ठेवण्याचे काम मागावे. ते कोणालाच नको असते, म्हणून लगेच मिळते. राज्य पातळीच्या एखाद्या संघासोबत एक मोसम बसून प्रत्येक रॅकचा ब्रेक, पहिली चूक, ती कोणत्या प्रकारची आणि त्या वेळचा गुणफलक, एवढे लिहावे. मोसम संपल्यावर खेळाडूनिहाय एकेक पान तयार करून ते आधी त्या त्या खेळाडूला दाखवावे, संघ व्यवस्थापकाला नंतर. पुढच्या वर्षी जोड्या ठरवायची वेळ आली की तुमच्या वहीची विचारणा होईल, आणि तेव्हा वहीसोबत तुम्हालाही बैठकीत बसू द्यावे अशी अट घालायला संकोच करू नये.