पाळी जायच्या वयात कंदमुळं कशी खायची: रताळं, सुरण, अळकुड्या, बीट

आमच्या ट्रेनच्या लेडीज डब्यात ४५ ते ५५ वयाच्या आम्ही सात-आठ जणी रोज एकत्र असतो, आणि हल्ली दोन विषय ठरलेले, झोप लागत नाही आणि पोट सुटलंय. मागच्या हिवाळ्यात त्यातल्या एकीने ऑनलाइन यॅम नावाच्या कंदाच्या कॅप्सूल मागवल्या, म्हणे कंदातून नैसर्गिक हार्मोन मिळतं आणि हॉट फ्लॅशेस, म्हणजे अंगातून एकदम येणाऱ्या गरम वाफा, थांबतात. भरपूर पैसे गेले, फरक काही नाही, आणि बिचारीला वाटलं आपलंच शरीर बिघडलंय. ते बघून मला फार वाईट वाटलं म्हणून हे सविस्तर लिहितेय.

त्या दाव्यामागे एक खरी गोष्ट आहे. १९४० च्या दशकात रसेल मार्कर नावाच्या अमेरिकन केमिस्टने मेक्सिकोतल्या एका जंगली यॅममधल्या डायोसजेनिन नावाच्या द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनवलं होतं. पण ते लॅबमध्ये, एकामागून एक रासायनिक प्रक्रिया करून. आपल्या पोटात ते काम होत नाही, शरीराकडे तशी सोयच नाही, त्यामुळे यॅमची कॅप्सूल खाऊन किंवा क्रीम चोळून हार्मोन वाढत नाहीत. आपल्याकडचं कोनफळ आणि करांदे त्या कंदाच्या कुळातले आहेत, सुरण तर त्या कुळातलंही नाही, ते अळूच्या घरातलं. म्हणजे हार्मोनसाठी कंद खायचे नाहीत.

मग कशासाठी खायचे? पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की चरबी पोटाभोवती जमायला लागते, इन्शुलिन पूर्वीसारखं काम करत नाही, कोलेस्टेरॉल वर सरकतं, बऱ्याच जणींना बद्धकोष्ठही होतं. इथे फायबर आणि पोट भरलेलं राहणं कामाला येतं, आणि कंद ते देतात, पण एका अटीवर. कंद भाताच्या किंवा पोळीच्या जागी घ्यायचा, त्याच्यावर जास्तीचा नाही. आपण काय करतो, दोन पोळ्या, वाटीभर भात आणि वर बटाट्याची भाजी, किंवा उपास म्हणून रताळ्याचा कीस, साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे पापड एकाच ताटात. मग रताळ्याने वजन वाढलं म्हणायचं!

माप सोपं आहे. १०० ग्रॅम रताळं, म्हणजे साधारण मुठीएवढं, यात २० ग्रॅमच्या आसपास कार्ब असतं आणि ३ ग्रॅम फायबर. एका फुलक्यातही कार्ब जवळपास तेवढंच. सुरण, अळकुडी, बटाटा हे थोड्याफार फरकाने याच हिशोबात बसवा, ताटात मूठभर कंद आला की एक फुलका कमी. बीट, गाजर, मुळा यांचा हिशोब वेगळा, त्यात कार्ब बरंच कमी, ती भाजी-कोशिंबीर म्हणूनच धरा. डायबेटिस असेल तर सुरुवातीला कंद खाल्ल्यावर दोन तासांनी घरच्या मशीनवर शुगर बघा, प्रत्येकीचं वेगळं येतं.

रताळं सगळ्यात सोयीचं म्हणून तिथून सुरू करा. रात्री सालासकट धुऊन कुकरला लावा, भांड्यात पाणी न घालता, मध्यम असेल तर दोन-तीन शिट्ट्या. गार झालं की फ्रिजमध्ये, सकाळी डब्यात. उकडून गार केलेल्या कंदातला थोडा स्टार्च पचायला जड होतो आणि फायबरसारखा वागतो, त्यात भाजलेल्या रताळ्यापेक्षा उकडलेल्याने शुगर हळू चढते. मी त्यात दही, दाण्याचं कूट, मीठ, कोथिंबीर घालते आणि वर तुपात जिरं-हिरवी मिरचीची फोडणी. साडेचारला ऑफिसमध्ये जी भूक लागते ना, जेव्हा खालच्या टपरीवरून वडापाव नाहीतर खारी येते, तेव्हा हा डबा उघडायचा. दही आणि दाणे टाळू नका, नुसतं रताळं खाल्लं तर तासाभरात परत भूक, प्रोटीन सोबत असलं की घरी पोचेपर्यंत टिकतं. नारिंगी गराचं मिळालं तर जरूर घ्या, त्यात बीटा कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं ते, भरपूर. आपल्याकडे जास्त करून लाल सालीचं पांढऱ्या गराचं येतं, त्यात ते फार नसतं, पण बाकी फायदा आहेच.

सुरणाला सगळ्या घाबरतात, खाज सुटते म्हणून. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते हाताला आणि घशाला टोचतात, तीच ती खाज. हाताला तेल लावायचं, सुरण ओलं न करता चिरायचं, साल जाड काढायची. मग फोडी धुऊन चिंचेच्या नाहीतर आमसुलाच्या पाण्यात मीठ घालून उकडायच्या, सुरी सहज आत गेली पाहिजे, आणि ते पाणी सरळ ओतून द्यायचं. स्टेशनबाहेर पालघरकडून येणाऱ्या एक मावशी बसतात, त्यांनी मला कापलेल्या सुरणावर नख दाबून दाखवलं, म्हणाल्या आतून घट्ट आणि कोरडं असेल तेच घे, चिकट झालेलं असेल तर नको. तेव्हापासून सुरण कधी फसलं नाही. उकडलेल्या फोडींना हळद, तिखट, मीठ लावून रव्यात घोळवायचं आणि तव्यावर दोन चमचे तेलात काप करायचे. सोबत मुगाचं वरण आणि ताक, त्या दिवशी भात नाही. रात्री घाम फुटत असेल तर रात्रीच्या जेवणात तिखट जरा हात आखडूनच घाला, बऱ्याच जणींना तिखटाने आणि कडक चहाने वाफा वाढतात.

अळकुड्यांनाही हाच नियम, नीट शिजवा, आमसूल घाला, फोडणीत ओवा, काम झालं. कोनफळ थंडीतच मिळतं, उंधियूसाठी येतं तेव्हा पाव किलो जास्तीचं घ्या, वाफवून ओलं खोबरं आणि मिरची घालून सुकी भाजी छान होते. करांदे मिठाच्या पाण्यात उकडून, चव कडसर असते. एक मात्र कळकळीने सांगते, मुंबईतल्या आरेच्या किंवा ठाण्याच्या येऊरच्या जंगलात फिरायला गेल्यावर ओळखीचा वाटला म्हणून जंगली कंद उपटून आणू नका, काही विषारी असतात.

बिटाबद्दल दोन गैरसमज. बिटाने रक्त वाढतं असं आपल्या आयांनी सांगितलं, पण १०० ग्रॅम बिटात लोह जेमतेम पाऊण मिलिग्रॅम. पाळी जायच्या आधीच्या वर्षांत ब्लीडिंग फार होत असेल आणि हिमोग्लोबिन घसरलं असेल तर बिटाच्या ज्यूसवर महिने काढू नका, तपासणी करा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लोह घ्या. बिटाचा खरा उपयोग वेगळा, त्यातल्या नायट्रेटमुळे रक्तवाहिन्या थोड्या सैलावतात आणि बीपी जरा उतरायला मदत होते. बीपीची गोळी मात्र चालूच ठेवायची.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःवर आलेली. माझी पाळी जाऊन १४ महिने झाले होते, सलग १२ महिने आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात, आणि एका सकाळी बाथरूममध्ये पाण्याचा रंग गुलाबी. पायाखालची जमीन सरकली, हात थरथरत होते. मग आठवलं आदल्या रात्री मोठी वाटीभर बिटाची कोशिंबीर खाल्ली होती. तरी मी डॉक्टरकडे गेले, लघवी तपासली, सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल निघालं आणि मला गेल्याचं समाधान आहे. बिटाने लघवी-शौचाचा रंग बदलू शकतो, पण मेनोपॉजनंतर अंतर्वस्त्रावर एक डाग जरी दिसला तरी तो बिटावर ढकलायचा नाही, त्याच आठवड्यात गायनॅककडे जायचं.

मुळ्याचा पाला फेकणाऱ्यांना मी भाजीवाल्याकडेच थांबवते. कंदात कॅल्शियम फार नसतं, पाल्यात बरंच असतं, आणि या वयात हाडं भराभर झिजतात. आपल्याकडच्या शिफारशीत मेनोपॉजनंतर दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलंय, ते कंदांनी होणार नाही, त्यासाठी दूध-दही, नाचणी, तीळ लागणार. म्हणून पाला बारीक चिरून भिजवलेली मुगडाळ घालून भाजी, मुळा किसून दह्यात, आणि सोबत नाचणीची भाकरी. थायरॉइड असेल तर मुळा शिजवून खा, कधीमधी खाल्लेल्या कोशिंबिरीने काही होत नाही. गाजर मात्र थोड्या तेलात परतूनच खा, कॅरोटीन तेलाशिवाय नीट शोषलं जात नाही.

ज्यांना मुतखडा होऊन गेलाय त्यांनी बीट, सुरण, रताळं यावर आधी डॉक्टरांशी बोला, यात ऑक्झलेट असतं. किडनीचा आजार असेल तरीही विचाराच, कारण कंदांमध्ये पोटॅशियम बरंच असतं. आणि रोज रात्री घामाने चादर ओली होत असेल, झोप मोडून दिवस निघत नसेल, तर ते सहन करत बसू नका, त्यावर औषधं आहेत, हार्मोन थेरपीसुद्धा आहे, कोणाला चालते कोणाला नाही ते डॉक्टर तपासून सांगतील.

आठवड्याचं मी असं बसवलंय: रविवारी बाजारातून अर्धा किलो रताळी, पाव किलो सुरण, दोन बिटं आणि पाल्यासकट मुळ्याची एक जुडी. पाला त्याच रात्री संपवते, दुसऱ्या दिवशी पिवळा पडतो. सुरण कापलेलं असतं म्हणून मंगळवारपर्यंत. कच्ची रताळी फ्रिजमध्ये ठेवायची नाहीत, आतून कडक होतात आणि मग कितीही शिट्ट्या दिल्या तरी मधला भाग शिजत नाही, जाळीच्या टोपलीत ओट्याखाली ठेवा, बटाट्यांसारखी. पावसात तेवढी दोन दिवसांनी एकदा उलटून बघा, मुंबईच्या दमटपणात एक सडलं की शेजारचं लगेच धरतं.