ऊसतोडीच्या हंगामात बालमजूर दिसला, तर या चुका टाळा

गळीत हंगाम सुरू झाला की वाळवा, पलूस, कराड भागात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. कोयत्यामागं, म्हणजे तोडणीच्या जोडप्यामागं, पोरंही येतात. बालमजुरीविरोधी कायदा १९८६ पासून आहे, २०१६ च्या दुरुस्तीनं १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावरच बंदी आली. तरी पोरं फडातून सुटत नाहीत, कारण आपण गावकरीच काही गोष्टी चुकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘आईबापाबरोबरच आहे की’ म्हणून सोडून देणं. सवलत आहे ती घरच्या बिनधोक कामात मदत करण्यापुरती, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ तीही नाही. आणि इथं दहा वर्षांची पोर भल्या पहाटे दवानं भिजलेल्या पाचटात उभी राहून मोळ्या बांधते. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, टोळी आणणाऱ्या मुकादमाची, ऊस कारखान्याला जाणारा. हा घरचा धंदा कसा? आईबाप तुरुंगात जातील या भीतीनंही लोक गप्प बसतात. पहिल्या गुन्ह्यात आईबापांना शिक्षा नाही.

दुसरी चूक शाळेत होते. ‘दाखला आणा, मग बघू’ हे उत्तर शिक्षण हक्क कायद्यात बसत नाही. कागद नसला तरी प्रवेश द्यायचा, तोही वयाला साजेशा वर्गात. गावाकडच्या शाळेनं शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरात शिक्षण सुरू राहावं म्हणून मुलाबरोबर दिलेला कागद) दिलं असेल तर काम आणखी सोपं होतं. खोपीवर तान्ह्या भावाला सांभाळणारी मुलगी मजुरांच्या यादीत येणार नाही कदाचित, पण शाळा तिचीही बुडते. तिला विसरू नका.

मालकाशी किंवा मुकादमाशी आधी भांडू नका. संध्याकाळपर्यंत पोर दुसऱ्या फडावर गेलेलं असतं. आधी १०९८ या मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनवर फोन करा. फुकट आहे, रात्रंदिवस चालतो. जागा, वेळ, काम नेमकं सांगा. मुलाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका, त्याची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे.

वीटभट्टीवर, हॉटेलात, गॅरेजातही हेच करा. चौदा पूर्ण झाली म्हणजे सगळं मोकळं, असंही नाही. धोक्याची कामं १८ पर्यंत बंदच आहेत.

सुटका झाली की पाठपुरावा थांबतो, तिथं मुलाचं नुकसान होतं. मालकाला २० ते ५० हजारांचा दंड होऊ शकतो. तो पुनर्वसन निधीत मुलाच्या नावे जमा व्हायला हवा, आणि सरकारनं त्यात १५ हजार घालायचे असतात. ते पडले का, हे कामगार कार्यालयाला लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या.