घरच्या घरी सूर्यमाला: अंतर आणि आकार वेगळे ठेवा

सूर्यमालेच्या प्रतिकृतीत बहुतेक जण नऊ चेंडू सारख्या अंतरावर टांगतात. दिसायला छान, पण त्यातून खरी सूर्यमाला कळत नाही. ग्रहांचे आकार आणि त्यांच्यातली अंतरं एकाच प्रमाणात घरात मावतच नाहीत: पृथ्वी 1 सेंमीची केली, तर सूर्य 109 सेंमीचा होतो आणि तो सुमारे 117 मीटर दूर ठेवावा लागतो! म्हणून दोन प्रतिकृती करा.

अंतरासाठी सव्वातीन मीटर दोरी पुरते. एका टोकाला सूर्य. तिथून बुध 4 सेंमीवर, शुक्र 7, पृथ्वी 10, मंगळ 15, गुरू 52, शनी 96, युरेनस 192 आणि नेपच्यून 301 सेंमीवर. प्रत्येक खुणेवर रंगीत मणी बांधा. पहिले चार ग्रह सूर्याला किती चिकटून आहेत आणि पुढे किती मोकळी जागा आहे, हे मुलं दोरी ताणून धरली की स्वतःच बोलून दाखवतात. मला ही दोरी महागड्या तयार संचापेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

आकारासाठी माती किंवा कागदाचा लगदा घ्या. पृथ्वी आणि शुक्र साधारण 1 सेंमी, मंगळ अर्धा, बुध त्याहून थोडा लहान, गुरू 11, शनी साडेनऊ, युरेनस आणि नेपच्यून 4 सेंमीच्या आसपास. शनीचं कडं जाड पुठ्ठ्याचं, बाहेरून 21 सेंमी व्यासाचं कापा आणि थोडं तिरकं बसवा. युरेनसचा अक्ष मात्र जवळजवळ आडवा ठेवा. सूर्य भिंतीवर खडूने काढलेलं वर्तुळ असला तरी चालेल.