हिप्परगा तलावाला सायकलने फेरी मारायचीय? मग आधी हे वाचा

सोलापुरात रोड सायकल घेतली की पहिले काही रविवार विजापूर रोडला कंबर तलावापर्यंत जाऊन येण्यात जातात, मग कुणीतरी म्हणतंय चल की हिप्परग्याला. जाऊन परत आलं तर सोपं आहे, पण त्याच रस्त्याने परत येण्यात मजा नाही, गोल फेरी पाहिजे. तर ती कशी आखायची ते सांगतो.

पहिलं म्हणजे डोक्यातून काढून टाका की तलावाच्या काठाकाठाने डांबरी रस्ता असेल. हा एकरुखचा तलाव, आदिला नदीवर १८७१ साली पूर्ण झालेलं धरण, पाण्यासाठी बांधलेलं, फिरायला नाही. काठाला शेतं आणि चिखल. त्यामुळे फेरी जरा लांबून घ्यायची, पूर्वेला तुळजापूर रोड, पश्चिमेला बार्शी रोड, आणि वरच्या अंगाला मार्डी आणि नान्नज ही गावं. सगळं मिळून अंदाजे ५० किमी धरा, तुमचं घर कुठं आहे त्यावर कमीजास्त होईल. माळरानाचा भाग आहे, घाट वगैरे काही नाही, बारीक चढउतार मात्र सारखे आहेत आणि ते नकाशात दिसत नाहीत, मांड्यांना कळतात.

आता कुठल्या बाजूने फिरायचं? माझं म्हणणं स्पष्ट आहे, जाताना तुळजापूर रोड, येताना बार्शी रोड. असं गेलं की तलाव कायम डाव्या हाताला राहतो, आणि आपण चालवतो पण डावीकडूनच, म्हणजे पाणी बघायला थांबायचं झालं तर हायवे ओलांडायची गरज नाही. पुढची मोठी वळणं पण सगळी डावीच येतात. देवाची प्रदक्षिणा उजवी असते आणि आपली उलटी होते हे खरं, पण समोरून येणाऱ्या ट्रकला ते सांगून उपयोग नाही. आणि हायवेचा तुकडा पहाटे पहाटेच संपतो, गाड्या वाढायच्या आत आपण गावरस्त्याला लागलेलो असतो.

तुळजापूर रोडच्या रूपाभवानी मंदिरापासून उजाडताना निघा, अंधारात नको. उन्हाळ्यात सहाच्या आत, थंडीत पावणेसात-सातला. मागे लाल लाईट लावाच, कारण ऊसतोडीच्या सीझनला ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि त्यांना स्वतःलाच लाईट नसतोय, तर तुम्ही तरी दिसायला पाहिजे की.

तुळजापूर रोडवरून मार्डीकडे जे गावरस्ते फुटतात ते आदल्या दिवशी सॅटेलाईट नकाशात झूम करून बघून घ्या. ॲप जो सगळ्यात जवळचा रस्ता दाखवतंय तो बऱ्याचदा बैलगाडीची वाट असते. पावसाळ्यात तर असल्या वाटेला जाऊच नका, काळी माती टायर आणि ब्रेकच्या मधे अशी बसते की चाकच फिरत नाही, मग सायकल खांद्यावर. शंका आली तर गावात दूधवाल्याला विचारा, रोज टू-व्हीलरवर कॅन घेऊन जाणाऱ्याला डांबर कुठं संपतंय हे पाठ असतंय.

वाऱ्याचा हिशोब पण करा बे. थंडीत बहुतेकदा पूर्वेकडून नाहीतर ईशान्येकडून वारा असतो, म्हणजे जाताना तोंडावर आणि दमल्यावर पाठीला, एकदम बेस्ट. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा-नैऋत्येचा वारा, मग नान्नजनंतर सोलापूरपर्यंत वाऱ्याशी भांडत यावं लागतं, तेव्हा पहिल्या निम्म्यात दम राखून ठेवा. ऊन वाढलं की वारा पण वाढतो, म्हणून सुद्धा लवकर निघायचं. एप्रिल-मेमध्ये नऊच्या आत घरी, ४० च्या वर पारा जातो इथं, हिरोगिरी नको.

खरी वेळ म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. हिमालयापलीकडून पट्टकादंब म्हणजे बार-हेडेड गूज हे पक्षी येतात, नशीब असलं तर रोहित म्हणजे फ्लेमिंगो पण दिसतात, छोटी दुर्बीण बॅगेत टाका. नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, माळढोक दिसेल ही आशा सोडा, पण काळवीट रस्त्यावरून सुद्धा दिसू शकतात. कोजागिरीच्या आसपास मात्र हा प्लॅन रद्द करा, सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी सगळा रस्ता भरलेला असतो, तेव्हा जायचं तर चालतच जा.

सामान थोडंच. दोन बाटल्या पाणी, एकीत लिंबू-मीठ-साखर. एक जादा ट्यूब, पंक्चर किट, पंप, कारण बाभळीचा काटा कुणाला सोडत नाही. टायर २८ किंवा ३२ मिमी रुंदीचे असले तर बरं, एकदम बारीक टायरने गावरस्त्यावर हाडं खिळखिळी होतात. खायला एनर्जी बार कशाला पाहिजे, कडक भाकरी आणि शेंगा चटणी डब्यात घ्या, खराब होत नाही आणि मीठ पण पोटात जातं. चटणी तिखट असेल तर पाणी जास्त लागेल एवढंच.

१८-२० च्या स्पीडने थांबत-बघत साडेतीन तास लागतील. घरी आलात की टायरवरून कापड फिरवून अडकलेले काटे काढा, हाताने नको. राहिलेला काटा दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या वेळेलाच हवा काढतो.