दुकानाचा परवाना आणि अग्निशमन : बेळगाव भागात या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे नवा धंदा काढणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो कोल्हापूर, गडहिंग्लज नाहीतर चंदगडच्या पाहुण्यांकडून. "गुमास्ता (दुकानाचा नोंदणी दाखला) ऑनलाइन काढ, संपलं!" पाहुणे खोटं सांगत नाहीत, पण त्यांचा कायदा वेगळा. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याने कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर नुसती सूचना दिली तरी भागतं. इकडे कर्नाटकाचा १९६१ चा दुकाने व आस्थापना कायदा लागतो. त्यात दुकान सुरू झाल्यापासून ३० दिवसांत कामगार खात्याकडे नोंदणी करावी लागते.

आणि ही नोंदणी म्हणजे व्यापार परवाना नव्हे. निम्मी मंडळी इथेच फसतात. भिंतीवर कामगार खात्याचा दाखला फ्रेम करून लावलेला असतो, पालिकेचा माणूस येऊन ट्रेड लायसन्स मागतो आणि मालक त्याच फ्रेमकडे बोट दाखवतो.

चुकीच्या दारात अर्ज

ट्रेड लायसन्स स्थानिक संस्था देते. शहरात महानगरपालिका, निपाणीत नगरसभा, खानापुरात पट्टण पंचायत, हिंडलगा किंवा येळ्ळूरसारख्या गावात ग्रामपंचायत. कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या हद्दीत, दुकान असेल तर महानगरपालिकेचा संबंधच नाही, तिथे कॅन्टोन्मेंट बोर्ड. शहराला चिकटलेल्या वस्त्यांत हद्द कुठे संपते ते भल्याभल्यांना सांगता येत नाही. सोपा उपाय म्हणजे जागेच्या घरपट्टीची पावती काढा. ज्या संस्थेचं नाव पावतीवर आहे, तिच्याकडे जा. आणि घरपट्टी थकलेली असेल तर आधी घरमालकाला गाठा, नाहीतर अर्ज त्याच्यापायी अडकेल.

जुन्या भाडेकरूचं लायसन्स गाळ्याबरोबर आपल्याकडे येतं, हा आणखी एक गोड गैरसमज. तसं येत नाही. कापडाच्या दुकानाच्या लायसन्सवर भजी तळायला घेतली तर तेही चालत नाही, कारण परवाना धंद्याच्या प्रकाराला असतो.

अर्ज एजंटाच्या हातात देऊन मोकळं होऊ नका. कर्नाटकात 'सकाल' हा २०११ चा सेवा हमीचा कायदा आहे. अर्ज घेतला की १५ अंकी सकाल क्रमांक मिळायला हवा. मुदतीत काम झालं नाही तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. रक्कम चहापाण्याचीच, पण क्रमांक हातात असला की फाईल कोणाच्या टेबलावर आहे ते विचारायला तोंड राहतं. क्रमांक नसेल तर अर्ज दिला होता हेच सिद्ध करत बसावं लागतं. कागद कन्नडमध्ये असतात. सही करण्याआधी कोणाकडून तरी वाचून घ्या, विशेषतः धंद्याचा प्रकार आणि जागेचं मोजमाप.

पाटीचंही तेच. कर्नाटकाच्या कन्नड भाषा कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड आणि तेही वरच्या भागात हवं. त्यावर आपलं मत काय असायचं ते असो, पाटी रंगवून झाल्यावर पुन्हा पैसे घालवण्यापेक्षा आधीच मोजून घेतलेलं बरं.

नगरसेवकाला फोन, अग्निशमनासाठी

कोल्हापुरात अग्निशमन दल महापालिकेचं. बेळगावात ते राज्य सरकारचं खातं, १९६४ च्या कर्नाटक अग्निशमन दल कायद्याखालचं. त्यामुळे अग्निशमनाचं ना हरकत पत्र अडलं म्हणून नगरसेवकाच्या घरी खेपा घालून उपयोग नाही, ते काम जिल्हा अग्निशमन अधिकाऱ्याकडचं. उलट बाजारातल्या अरुंद गल्लीत पायऱ्या आणि पत्रे पुढे येऊन बंब आत जाईनासा झाला असेल, तर ती तक्रार मात्र पालिकेचीच. तिथे नगरसेवकाला जरूर धरा. महाराष्ट्रातलं जानेवारी-जुलैचं 'प्रपत्र ब' (आगीची यंत्रणा ठीक असल्याचा दाखला) कोणी गळ्यात मारत असेल तर पैसे मोजू नका. तो कागद तिकडच्या २००६ च्या कायद्याचा.

सिलिंडर आणि लाल नळकांडं

खानावळ, मिठाईवाल्यांनी हे नीट वाचावं. परवान्याशिवाय एकूण १०० किलोपर्यंतच एलपीजी ठेवता येतो. १९ किलोचे पाच भरलेले सिलिंडर म्हणजे ९५ किलो. सणासुदीला "असू दे ओ, एक जास्तीचा" म्हणून सहावा आणला की ११४ झाले. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो, म्हणून तळघरात किंवा खड्ड्यात सिलिंडर नकोतच.

अग्निशामक नळकांडं बहुतेक ठिकाणी मैद्याच्या पोत्यांमागे असतं. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागतं, हार पडतो, त्यानंतर वर्षभर कोणी बघत नाही. महिन्यातून एकदा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन आणि सील जागेवर आहे का ते पाहा. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याला काटाच नसतो, ते वजन करूनच कळतं. नळकांडं कुठलंही असो, दाराजवळ टांगा, शेगडीच्या वर नव्हे. आग शेगडीलाच लागली तर तिथे हात पोचणार कसा? आणि कढईतल्या पेटत्या तेलावर पाणी कधीच टाकू नका. गॅस बंद करा, कढईवर झाकण सरकवा.

दिवाळीत फटाक्यांचा तात्पुरता स्टॉल टाकणाऱ्यांनी शेड न जळणाऱ्या सामानाची करावी. दोन शेडमध्ये किमान ३ मीटर अंतर लागतं, तोंडं समोरासमोर चालत नाहीत. ताडपत्री-बांबूचा मांडव नियमात बसतच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंगळुरूजवळच्या अत्तिबेलेला फटाक्यांच्या दुकानाला लागलेल्या आगीत दहाहून जास्त माणसं गेली, ते विसरू नका.

आग लागली की १०१ किंवा ११२. निपाणीकडे सीमेलगत मोबाइल पलीकडचा टॉवर पकडतो, म्हणून जवळच्या अग्निशमन ठाण्याचा थेट नंबर गल्ल्याजवळ लिहून ठेवा आणि फोनवर आधी तालुका, मग गल्ली सांगा. घरच्या घरी विझवली तरी कळवा. विमा कंपनी अग्निशमन दलाचा दाखला मागते, आणि नोंदच नसेल तर तो दाखला मिळायचा कुठून?